‘दत्तकपण’ आणि पोरके मूल : आपल्या उपदेशाची एक तपासणी

सुरतेच्या डिंडोली भागात सेवा करणाऱ्या एका प्रचारक बंधूंचे पत्र आणि त्यासोबत त्यांच्या एका उपदेशाची हस्तलिखित प्रत आमच्याकडे येऊन आता काही महिने झाले. पत्र लहान होते, उपदेश मोठा होता. दोन्ही आम्ही एकाहून अधिक वेळा वाचले. उपदेशात वावगे असे काही नव्हते. असा उपदेश आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केलेला आहे. तरीही पत्रातील प्रश्नाला त्या उपदेशात उत्तर सापडेना, आणि ही उणीव त्या बंधूंची एकट्याची नसून आपणां सर्वांची आहे असे वाटल्यावरून हे टिपण लिहीत आहोत.

डिंडोली हे मूळचे खेडे २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग या भागाला लागून जातो, आणि त्याच मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे लूमच्या व डाइंग मिलच्या कामासाठी येथे येऊन वसली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशी येथील बोली आहे. अशाच एका गल्लीतील सात वर्षांच्या मुलाची हकिकत पत्रात होती. बाप मिलमध्ये कामाला होता, तो वारला. आईने दुसरे घर केले व ती नंदुरबारकडे गेली. मुलगा बापाच्या आईजवळ राहिला. आजी साड्यांचे धागे कापण्याचे काम घरी आणून करते. अलीकडे तिला नीट दिसत नाही. मुलगा रात्री जेवायला प्रचारकांच्या घरी येतो आणि पुष्कळदा तेथेच निजतो. कुटुंब ख्रिस्ती नाही. मंडळीतील काही वडीलधाऱ्यांनी सुचविले की आपण या मुलाला दत्तक घ्यावे. प्रचारकांनी आम्हांस विचारले होते : घ्यावे काय? आणि घेतल्यास त्याचा बाप्तिस्मा केव्हा करावा?

सोबतचा उपदेश रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील पंधराव्या वचनावर होता. आपण पोरके होतो, देवाने आपणांस दत्तक घेतले, म्हणून आपणही पोरक्यांना घरात घ्यावे, असा त्याचा क्रम. ओघवता, कळकळीचा उपदेश. आमची शंका त्यातील पहिल्याच पायरीपाशी आहे.

पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात पाच ठिकाणी येतो : रोमकरांस पत्रात तीनदा, गलतीकरांस पत्रात एकदा व इफिसकरांस पत्रात एकदा. शुभवर्तमानांत तो कोठेही नाही. पौलाच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर या शब्दाने कोणते चित्र उभे राहत असेल? उपाशी बालक उचलून घरात आणण्याचे नव्हे. रोमन समाजात दत्तक घेत ते बहुधा वाढलेल्या पुरुषाला. वंश, नाव, कुलदेवता आणि मालमत्ता यांना वारस हवा म्हणून. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या मृत्युपत्राने ऑक्टेव्हियन दत्तक झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा तरुण होता व त्याची आई हयात होती. पुढे इ. स. ४ मध्ये त्याच ऑक्टेव्हियनने, म्हणजे सम्राट ऑगस्टसने, तिबेरियसला दत्तक घेतले. तिबेरियस तेव्हा चाळिशी उलटलेला सेनापती होता. पौलाचा भर आहे तो वारसपणावर : जो दास होता तो वारस झाला. हा अर्थ भव्य आहे व तो आपण सोडू नये. पण त्यातून अनाथ बालकाच्या सांभाळाची रीत काढू पाहणे म्हणजे विहिरीतून दूध काढण्यासारखे आहे.

आमच्या मराठी शब्दालाही हाच वास आहे. ‘दत्तक’ म्हटले की सातारा व झाशी आठवतात. १८४८ आणि १८५४ या सालांत गेलेली संस्थाने आठवतात. दत्तक नामंजूर झाला म्हणजे मूल उघड्यावर पडले असा अर्थ कोणी घेत नाही, गादी गेली असाच घेतो. पिंडदान, गादी व वतन यांसाठी मूल हवे असणाऱ्या घराची गरज हा त्या शब्दाचा पाया. मुलाची गरज हा नव्हे.

येथे आमच्या समाजाच्या इतिहासातील एक विपरीत गोष्ट नोंदली पाहिजे, कारण तिच्याकडे आपल्या धर्मोपदेशकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंसाठी होता व त्यात बौद्ध, जैन व शीख यांचाही समावेश होता. ख्रिस्ती त्यात नव्हते. भारतीय ख्रिस्ती दांपत्याला मूल हवे असल्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व मिळवावे लागे. त्या पालकत्वाने मूल वारस होत नसे आणि मूल सज्ञान झाले की ते पालकत्वही संपे. २००० सालचा बालन्याय कायदा, त्यातील २००६ ची दुरुस्ती व अखेर २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांनी कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याचा मार्ग निश्चितपणे मोकळा केला. म्हणजे जी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या व्यासपीठावरून दत्तकपणाची सुवार्ता सांगत होती, तिला घरी त्या शब्दाचा कायदेशीर अनुभवच नव्हता. तिला अनुभव होता तो पालकपणाचा : आपले नसलेले, वारस न होणारे, एक दिवस आपल्या अधिकाराबाहेर जाणारे मूल वाढविण्याचा. इतका मोलाचा अनुभव घरात असता आपण त्यावर एकही उपदेश केला नाही, आणि जो अनुभव नव्हता त्यावर शेकडो केले!

भाषेने तर आपल्याला आयती खूण दिली होती. मराठी मंडळीत धर्मगुरूला आपण ‘पाळक’ म्हणतो आणि मूल वाढविणाऱ्याला ‘पालक’. एकाच धातूपासून आलेले हे शब्द. पाळक कळपाचा मालक नसतो, हे आपण दर वर्षी पाळकांच्या दीक्षाविधीत ऐकतो; पालकही मुलाचा मालक नसतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तसेच याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या वचनाचे. तेथे अनाथांसंबंधी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ जाऊन भेटणे, विचारपूस करणे असा आहे, आणि ‘बिशप’ हा शब्द ज्या मुळापासून निघाला त्याच मुळाचे ते आहे. मराठीत त्यासाठी ‘समाचार घेणे’ हा प्रयोग रूढ झाला. आजच्या बोलण्यात ‘समाचार घेणे’ म्हणजे खरडपट्टी काढणे, आणि काही बालगृहांतील वागणूक पाहता लोकांनी वचनाचा हाच अर्थ घेतला की काय असे वाटते. असो. सांगायचे ते असे की त्या वचनात अनाथ आणि विधवा ही जोडी आहे. शास्त्रातील अनाथ म्हणजे बहुधा बाप नसलेले मूल. त्याची आई तेथेच, त्याच वाक्यात, शेजारी उभी आहे. तिला वगळून मुलाचा समाचार घेण्याची परवानगी ते वचन देत नाही.

मग पालकपणासाठी शास्त्रात कोठे जावे? निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात, असे आमचे उत्तर आहे. तो उताराही आपण नेहमी अर्धाच वाचतो. फारोची कन्या म्हणजे देवाच्या योजनेतील एक साधन. एवढे बोलून आपण जळत्या झुडपाकडे धावतो. पण सावकाश वाचावे. मूल नदीत सापडते. सापडणारीला ते इब्र्यांचे आहे हे पाहताक्षणी कळते व ती ते लपवीत नाही. मुलाची बहीण पुढे होऊन विचारते की, दूध पाजायला इब्री बाई आणू का? आणि ती आणते खुद्द आईला. राजकन्या आईला मूल देते व त्याबद्दल वेतन देण्याचे कबूल करते. आपल्याच मुलाला पाजण्यासाठी योखेबेदेला राजवाड्यातून पगार मिळतो! या ठिकाणी उपदेशक बहुधा हसतात व देवाच्या विनोदबुद्धीची वाखाणणी करतात. आम्हांस त्यात विनोदापेक्षा शहाणपण अधिक दिसते. दारिद्र्याने किंवा जुलमाने मूल ज्या घरातून निसटू पाहते, त्याच घराला हात देऊन मूल तेथे राखणे ही सांभाळाची पहिली रीत, आणि ती शास्त्रात पहिल्या स्थानी आहे. मूल राजकन्येकडे जाते ते मोठे झाल्यावर.

आणखी एक गोष्ट. मोशे हे नाव त्याला राजकन्येने दिले. आईबापांनी त्याला काय नाव ठेवले होते याचा उल्लेख शास्त्रात नाही. झुडपातून देव हाक मारतो ती त्या परक्या, मूर्तिपूजक घरात मिळालेल्या नावाने. सांभाळणाऱ्याने मुलाला जे दिले ते देवाने पुसून टाकले नाही. आणि त्याच वेळी हेही खरे की मोशे वाढल्यावर आपल्या भाऊबंदांकडे गेला व राजवाडा मागे राहिला. ज्याला हे दोन्ही सोसवेल त्याने परक्याचे मूल सांभाळावे.

या कथेजवळ आणखी काही कथा ठेवण्याजोग्या आहेत. हन्ना शमुवेलाला एलीजवळ ठेवते, पण दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेते. ठेवलेल्या मुलाचे माप आईला ठाऊक राहते. एलीविषयी मात्र आमचे मत फारसे चांगले नाही : पोटच्या मुलांना वळण लावू न शकलेल्या माणसाकडे दुसऱ्याचे मूल सोपविले गेले, आणि आजची कोणतीही चौकशी समिती अशा घराला संमती देणार नाही. मर्दखयाने चुलत्याची पोरकी मुलगी एस्तेर वाढविली; ती राजाच्या अंतःपुरात गेल्यावरही तो रोज त्या अंगणासमोर येरझारा घालून तिची खबर घेत राहिला. मूल घरातून गेले म्हणून सांभाळ संपत नाही, याचे इतके साधे चित्र दुसरे नाही.

आता आपल्या स्वतःच्या वाङ्मयाकडे वळू. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण सांगतो ते संख्यांनी सांगतो. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली. १९०० मध्ये, छप्पनियाच्या दुष्काळात, गुजरातेतून आणलेल्या शेकडो. केडगावचे मुक्ती सदन. या कार्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. दुष्काळात माणसे रस्त्यावर मरत असताना आप्तांचा शोध घेत बसणे शक्य नव्हते, आणि रमाबाईंनी जे केले ते न केले असते तर त्या मुलींचे काय झाले असते हे सांगायला नको. तक्रार आहे ती चरित्रकारांविषयी. दुष्काळातील उपाय हाच सर्वकाळचा नमुना, असा समज त्यांनी आपल्या मनात रुजविला. त्यामुळे मंडळीपुढे पोरक्या मुलाचा प्रश्न आला की आपल्याला इमारत आठवते, शेजारचे घर आठवत नाही.

रमाबाईंच्या आयुष्यातील एक दुसरा दस्तऐवज याहून अधिक बोधप्रद आहे, आणि तो आपल्या धर्मशिक्षकांनी वाचलेला आम्हांस क्वचितच आढळला. सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केलेला व अ. भि. शहा यांनी संपादून १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. त्याकडे बहुतेक जण रमाबाईंच्या धर्मविचारांचे साधन म्हणून पाहतात. आम्ही तो पालकपणाचे साधन म्हणून वाचावा असे सुचवितो. रमाबाई विधवा, मुलगी मनोरमा लहान. १८८३ मध्ये दोघी इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आई शिक्षणासाठी व नंतर अमेरिकेत कार्यासाठी फिरत असताना मनोरमेला सांभाळण्याचे काम पुष्कळ काळ वाँटेजच्या भगिनींनी केले. सिस्टर जेराल्डीन यांना या घरात मराठी नाव मिळाले : आजीबाई. त्यांनी मुलीवर माया केली यात शंका नाही. पण मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावर आई व आजीबाई यांच्यात वाद झाला आणि तो चांगलाच तीव्र झाला. भगिनींना वाटे की आईची मते अस्थिर आहेत, मुलीचे हित आपल्याला अधिक कळते. आईचे म्हणणे असे की मूल माझे आहे व तिच्या धर्मशिक्षणाविषयीचा अधिकार मी कोणाच्या हाती दिलेला नाही.

दोन्ही पक्ष ख्रिस्ती होते, हे लक्षात घ्यावे. एकाच प्रभूला मानणाऱ्या दोन बायकांत मुलाच्या धर्मशिक्षणावरून एवढा ताण पडतो, तर डिंडोलीच्या गल्लीत, जेथे आजी खान्देशातील आपल्या कुलदेवीला नवस बोलते आणि सांभाळू पाहणारा प्रचारक आहे, तेथे काय होईल? आमचे स्पष्ट मत असे की या वादात रमाबाई बरोबर होत्या. सांभाळणाऱ्याला मुलाचे पोट, अभ्यास, आजार आणि रात्रीची भीती यांवर अधिकार मिळतो. त्याच्या आत्म्याचा ठेका मिळत नाही. येथे एक अवघड गोष्टही टाळता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावर रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध तोडला, तेव्हा रमाबाईंची बाजू अशी की आपण मुलींना बळजबरी करीत नाही, मात्र आपली प्रार्थना दार लावून करणार नाही. ही बाजूही प्रामाणिक होती. परंतु मुलींच्या घरच्यांनी जो संशय घेतला तो वाँटेजच्या भगिनींविषयी आई या नात्याने स्वतः रमाबाईंनी घेतलेल्या संशयासारखाच नव्हता काय? आमच्या चरित्रकारांनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहायला हवे होते.

म्हणून बाप्तिस्म्याविषयी त्या बंधूंना आम्ही लिहिले की हा विचार मनातून काढून टाकावा. गुजरातेत २००३ पासून धर्मांतरविषयक कायदा आहे, त्यात अज्ञान मुलाच्या बाबतीत शिक्षा अधिक कडक आहे, हे खरेच; पण ते दुय्यम कारण. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याचे विसावे कलम घरापासून दुरावलेल्या मुलाच्या धर्माचे, संस्कृतीचे व भाषेचे सातत्य ध्यानात घ्यावे असे सांगते. मुख्य कारण मात्र याहून जवळचे आहे. भाकरी देणाऱ्या हाताला मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार आपण देवापुढे कोणत्या तोंडाने मांडणार?

राहिला पहिला प्रश्न. दत्तक घ्यावे काय? नाही, कारण हे मूल दत्तकासाठी मोकळे नाही. त्याला आई आहे, आजी आहे. मग कायद्याच्या भाषेतील पालनपोषण-संगोपन? २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवता येते. समिती मधून मधून पाहणी करते, भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत असा दंडक आहे, आणि केंद्राच्या वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पस्तिशी ओलांडलेली एकटी व्यक्तीही असे मूल सांभाळू शकते. ज्या मुलाला खरोखर कोणी नाही, किंवा घर असून ज्याला घरात धोका आहे, त्याच्यासाठी हा मार्ग आहे. आपल्या मंडळ्यांत वसतिगृहाच्या छपरासाठी वर्गणी देणारी घरे पुष्कळ. या कलमाखाली नाव नोंदविणारी घरे आम्हांस शोधूनही फारशी आढळली नाहीत. समितीच्या आदेशावाचून मूल नुसते ठेवून घेणे, ही आपल्याकडे चालत आलेली रीत मात्र आता सोडली पाहिजे. हेतू कितीही शुद्ध असला तरी त्यात मुलाला संरक्षण नाही व सांभाळणाऱ्यालाही नाही.

या विशिष्ट मुलासाठी त्याहून जवळचा मार्ग होता, आणि तो प्रचारकांना ठाऊक नव्हता. गुजरात शासनाच्या ‘पालक माता-पिता योजने’त ज्याचे आईबाप दोघेही नाहीत, किंवा बाप वारला आहे व आईने पुनर्विवाह केला आहे, अशा मुलाला अठरा वर्षांपर्यंत सांभाळणाऱ्या आप्ताला दरमहा ३,००० रुपये मिळतात, मूल शाळेत जात असले पाहिजे अशी अट आहे. आजी या योजनेत बसते. अडचण कागदाची. बापाचा मृत्यूचा दाखला मिलच्या भागातील लोकांकडे असतो, नाही तर मिळविता येतो. पण आईचे दुसरे लग्न चार माणसांसमोर झालेले, नोंद कोठेही नाही. त्याचा पुरावा आणायचा कोठून? ज्या समाजासाठी ही अट घातली त्या समाजात असे घर मांडणे बहुधा कागदावाचूनच होते, हा विचार अट लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. शिवाय आई नंदुरबारला म्हणजे महाराष्ट्रात, मूल गुजरातेत. योजना चांगली आहे; तिची दारे मात्र साक्षर माणसाच्या उंचीची आहेत.

आणि येथेच आम्हांस निर्गमाच्या कथेतील तिसरी व्यक्ती आठवली, जिच्यावर आपण उपदेश करीत नाही : ती बहीण. परंपरा तिला मिर्याम म्हणते. त्या अध्यायात तिला नावही नाही. तिने मूल सांभाळले नाही, त्याला नाव दिले नाही, वेतनही तिला मिळाले नाही. ती लव्हाळ्यांपाशी उभी राहिली आणि योग्य क्षणी राजकन्या व आई यांच्यामध्ये धावली. डिंडोलीच्या प्रचारकांनी स्वतःला राजकन्येच्या जागी कल्पिले होते. त्यांची जागा बहिणीची आहे, असे आम्ही त्यांना कळविले, आणि त्याबरोबर कामांची यादीही दिली : जिल्हा बालसंरक्षण कार्यालयात आजीला घेऊन जावे, नंदुरबारला जाऊन आईला भेटावे, तिचे म्हणणे लिहून घ्यावे, व तिला मुलाला भेटता येईल असे पाहावे, आजीचे डोळे सरकारी रुग्णालयात दाखवावेत, मुलाचे नाव महापालिकेच्या मराठी शाळेच्या पटावर आहे की नाही ते पाहावे. रात्रीचे जेवण चालू ठेवावे.

त्यांचे दुसरे पत्र आले आहे. आजीचा एक डोळा मोतीबिंदूचा निघाला व शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. आई भेटली, प्रथम बोलेना, मग रडली, मग तिने अंगठा न देता सही केली. अर्ज दाखल झाला, अद्याप मंजूर नाही. मुलगा त्यांना आता मामा म्हणतो व त्यांनी त्याला तसे म्हणू दिले आहे. रोमकरांस पत्रावरचा आपला उपदेश परत पाठवावा, दुरुस्त करावयाचा आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. तो आम्ही कालच्या टपालाने पाठविला.